डाव्या कानातला माणूस

"ही काच बरी... की ही?"

अंधाऱ्या खोलीत एक छोटा दिवा तेवढा जळत होता, तोही गिऱ्हाइकाच्या हातातल्या कार्डावर. त्याच्या नाकावर तपासणीची जड चौकट होती आणि समोर उभी असलेली मुलगी तिच्यात एकामागून एक काचा सरकवत होती. मावशीच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम तिचं. दिवसभरात हाच प्रश्न ती इतक्यांदा विचारायची की झोपेतही विचारत असावी, आणि लोक मुकाट्याने उत्तर द्यायचे. हा माणूस मात्र उत्तर द्यायचं सोडून खुर्चीत ताठ झाला.

"पुन्हा बोला," तो म्हणाला.

"ही बरी, की ही?"

"तुम्हीच त्या! 'धूळ झटकून'वाल्या! शिडीवरच्या दिवेवाल्याचा खून!"

तिच्या हातातली काच पडता पडता राहिली. तिचा पॉडकास्ट ऐकणारी माणसं जगात आहेत हे तिला ठाऊक होतं, पण त्यातलं एखादं असं समोर येऊन खुर्चीत बसेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. कान गरम झाले. अंधार होता म्हणून निभावलं.

"आवडली का गोष्ट?" तिने जमेल तितक्या बेफिकिरीने विचारलं.

"अजिबात नाही. तुम्ही भलत्याच माणसाला खुनी ठरवलंत. भाऊ नव्हता तो, मॅडम. मला तर रात्रभर झोप लागली नाही."

"तुम्हाला हातातल्या कार्डावरची ओळ लागत नाहीये, आणि शंभर वर्षांपूर्वीचा खुनी दिसतोय?"

"लांबचं मला छान दिसतं," तो शांतपणे म्हणाला. "घोळ जवळच्याचाच आहे."

आता यावर हसावं की रागवावं, हे तिला कळलं नाही. इथून जो तिचा गोंधळ सुरू झाला, तो पुढे कित्येक महिने संपला नाही.

'धूळ झटकून' म्हणजे जुने, खरेखुरे गुन्हे. निकाल लागला, फाशी झाली, माणसं मातीला मिळाली, तरी ज्यांचा उलगडा झाला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, असे. ती जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली उपसायची आणि घरातल्या अडगळीच्या खोलीत बसून गोष्ट सांगायची. प्रकरण शंभर वर्षांहून जुनंच घ्यायचं, हा तिचा दंडक. त्यातलं कुणी दुखावून घ्यायला उरलेलं नसतं, असं ती म्हणायची.

तो पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होता. चष्मा न्यायला आला तेव्हा दिवेवाल्याच्या भावाची वकिली करत इतका वेळ उभा राहिला की मागे गिऱ्हाइकं तुंबली. शेवटी मावशीच वैतागून म्हणाली, "अहो, तुम्ही दोघं एकदाचे त्या माइकसमोर जाऊन भांडा की! माझ्या दुकानात कशाला?"

मावशी बोलून गेली, आणि ते झालंही. रविवारी दुपारी तो अडगळीच्या खोलीत येऊन बसला. त्यातून कार्यक्रमाला नवीनच घाट मिळाला. प्रत्येक प्रकरणाचे दोन भाग. पहिल्या भागाआधी नाणं उडवायचं. छापा आला तर तिने आरोपीची बाजू घ्यायची, काटा आला तर त्याने. दुसऱ्या भागात बाजू बदलायच्या, आणि आठवडाभरापूर्वी ज्याच्यासाठी जीव तोडून भांडलो त्यालाच दोषी ठरवायचं. मनाला काय पटतं याचा तिथे संबंध नव्हता. नाणं सांगेल ते बोलायचं, आणि असं बोलायचं की ऐकणाऱ्याला शंका येता कामा नये.

हेडफोन लावून ऐकलं की तिचा आवाज उजव्या कानात यायचा आणि त्याचा डाव्या. श्रोत्यांनी त्यांची नावंच पाडली. ती उजवी आणि तो डावा. "डाव्याने आज उजवीला पार गप्प केलं," असले निरोप यायचे. आणि मग हळूहळू दुसऱ्या तऱ्हेचेही. "खरं सांगा, ह्या दोघांचं लग्न झालंय ना?"

असले निरोप ती चटकन पुसून टाकायची. पुसण्याआधी दोनदा वाचायची, ती गोष्ट वेगळी.

खोलीला खिडकी नव्हती. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना रजया टांगलेल्या, आणि पंख्याची घरघर नको म्हणून पंखा बंद. मधल्या टेबलाचा जीव एवढासा. त्याखाली चार गुडघे मावायचे नाहीत, मग कुणाचा तरी कुणाला लागायचा आणि दोघंही एकदम "सॉरी" म्हणायचे. बाहेर आई हात बांधून बसलेली. मिक्सर नाही, टीव्ही नाही, फोन नाही. "तुमच्या खुनांपायी मला माझ्याच घरात शिंकायची चोरी झालीये," असं ती डाव्याला दर रविवारी ऐकवायची आणि त्याच्यासाठी कपात दोन चमचे साखर मात्र न विचारता घालायची.

आणि डावा? माइक सुरू असेपर्यंत तो तिला अगं-तुगं करायचा, चिडवायचा, "उजवे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" म्हणायचा. रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझला की हेडफोनची वायर नीट गुंडाळायचा आणि घसा खाकरून म्हणायचा, "येतो मॅडम. काळजी घ्या." काळजी घ्या! टपालखात्याच्या माणसासारखं!

आठवड्यात कधीतरी दुकानातही उगवायचा. चष्म्याचा स्क्रू सैल झालेला असायचा.

"इतका कसा सैल होतो हो?"

"बोलताना मान फार हलवतो मी."

"मान हलवून स्क्रू सैल होत नाही."

"मग... तुमच्या स्क्रूतच काही खोट असेल," असं म्हणून तो इकडेतिकडे बघायचा, आणि ती एवढासा स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन गरजेपेक्षा जास्त वेळ तो स्क्रू पिळत बसायची. मावशी काउंटरवरून दोघांकडे बघायची आणि काही बोलायची नाही. मावशीने न बोलणं ही साधी गोष्ट नव्हती.

शंभर वर्षांपूर्वीच्या जबान्या वाचून कोण खोटं बोलतंय हे ती बरोब्बर ओळखायची. पण हा जिवंत, धडधडीत समोर बसलेला माणूस काही ताकास तूर लागू देईना. त्याला ती आवडते, की फक्त भांडायला आवडतं? रात्री पडल्यापडल्या तिच्या डोक्यात दोन्ही बाजूंचे वकील उभे राहायचे, आणि दोघांचंही म्हणणं पटायचं.

अशातच फोटोवाल्याचं प्रकरण आलं.

एका रस्त्यावर एक फोटोवाला आणि समोरच्या घरात कपडे शिवणारी एक बाई. शर्टाचं बटण लावून घ्यायला तो सारखा तिच्याकडे जायचा. फोटोवाला एका सकाळी स्टुडिओत मरून पडलेला सापडला. त्याच्या पेल्यात फोटो धुण्याचं विषारी औषध होतं. संशय आला शिवणारीवर, कारण आदल्या संध्याकाळी ती तिथे गेलेली लोकांनी पाहिली होती. आणि त्याच्या कपाटात सापडल्या फोटोच्या काचा. प्रत्येक काचेवर शिवणारीची खिडकी, आणि खिडकीत ती. यातली एकही त्याने तिला कधी दाखवली नव्हती. सगळा खटला एका प्रश्नावर अडला होता. त्याचं तिच्यावर प्रेम होतं का? असेल, तर तिने त्याला मारायचं कारण नाही. अंधारात त्यानेच चुकून भलता पेला उचलला. नसेल, तर त्याने तिला झिडकारलं आणि तिने सूड घेतला.

डाव्याने नाणं उडवलं. छापा. म्हणजे तिने शिवणारीची बाजू घ्यायची, प्रेम होतं असं म्हणायचं. डाव्याने, नव्हतं असं.

"सांग ना, उजवे," डावा माइकवर म्हणाला, "एक माणूस बटण लावून घ्यायला सारखा एका बाईकडे जातो. याला प्रेम म्हणायचं? त्याला बटण लावता येत नव्हतं, बस. आपण बायका-पुरुष उगाच मनात मांडे खात बसतो. काम असतं म्हणून माणूस येतो... काम संपलं की येत नाही."

बटण काढून तिथे स्क्रू ठेवला की गोष्ट कुणाची होते, हे सांगायला वकील नको होता.

पण नाणं ते नाणं. ती बोलायला लागली. "त्याने सांगितलं नाही म्हणून नव्हतं, असं कसं म्हणतोस? काही माणसं बोलत नाहीत. आणि शिवणारी काय आंधळी होती? तिला कळत होतं सगळं. न बोललेलंही बाईला नीट कळतं, डाव्या... आणि ती त्यावर समाधानी होती. तिला शब्दांची गरज नव्हती."

डावा तिच्याकडे बघतच राहिला. तिला वाटलं, मुद्दा बिनतोड पडला.

तेवढ्यात बाहेरच्या पत्र्यावर पाऊस ताडताड वाजायला लागला. पत्रा वाजला की रेकॉर्डिंग बंद. तो थांबेपर्यंत बसून राहायचं. लाल दिवा विझला. खोलीत उकडत होतं. त्याच्या कपाळावर घामाचा एक थेंब होता आणि तो पुसावासा वाटून तिने स्वतःचाच पदर... छे, ओढणीचं टोक, बोटाला घट्ट गुंडाळून ठेवलं.

"एक बोलायचं होतं," तो हळूच म्हणाला. माइक बंद असताना!

"बोला ना."

"तुम्ही आत्ता जे म्हणालात... की न बोललेलं कळतं..."

पाऊस थांबला. अगदी नळ बंद केल्यासारखा.

"थांबला," डावा म्हणाला. "राहू दे. कळतंच ना." आणि त्याने लाल दिवा लावला.

काय कळतं? कुणाला कळतं? तिचं डोकं भणभणायला लागलं. पुढचं सगळं रेकॉर्डिंग तिने कसं केलं, तिचं तिलाच आठवेना.

दोन दिवसांनी ती जेवून दुकानात परतली तर मावशी काच पुसत होती. काचेवर डाग नव्हता.

"तुझा डावा येऊन गेला. जादाचा चष्मा करून मागितलाय, जरा घाईने. बदली झालीये म्हणे त्याची. दुसऱ्या गावाला."

"बरं," ती म्हणाली.

"बरं काय बरं? तुला ठाऊक होतं?"

"मला कशाला ठाऊक असेल? मी कोण?" असं म्हणून ती अंधाऱ्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. काम संपलं की येत नाही. म्हणजे तो फोटोवाल्याबद्दल बोलतच नव्हता. आपल्याला सभ्यपणे, सगळ्या श्रोत्यांसमोर, डाव्या कानातून सांगून गेला की बाई गं, भलत्या भ्रमात राहू नकोस. आणि आपण वर त्यालाच ऐकवलं की मला शब्दांची गरज नाही! शरमेने तिच्या अंगाची लाही झाली. मग वाटलं, पण तो पावसातला घाम, ते "बोलायचं होतं"? मग पुन्हा वाटलं, बदलीचंच बोलायचं असणार. ही बरी की ही, दोन्ही काचांतून तिला काहीच धड दिसेना, कारण डोळेच भरून आले होते.

उरलेला आठवडा तो दुकानाकडे फिरकला नाही. एकच निरोप, "बाहेरगावी आहे. रविवारी येतो."

"रडून झालं असेल तर भाजी चिरायला घे," शनिवारी आई म्हणाली.

"मी रडत नाहीये."

"बरं. मग न रडता चीर." थोड्या वेळाने आई म्हणाली, "विचारत का नाहीस त्याला सरळ?"

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"तर नाही म्हणेल. आत्ता तुझं जे चाललंय त्यापेक्षा बरंच की."

रविवारी डावा आला. डोळ्यांखाली प्रवासाचा थकवा आणि चेहऱ्यावर उगाचच आनंद. बाजू बदलल्या होत्या. आता प्रेम होतं हे त्याने सिद्ध करायचं, आणि नव्हतं हे तिने. तिने मनाशी ठरवलं होतं की शांतपणे बोलायचं, काम उरकायचं आणि हसून निरोप द्यायचा. लाल दिवा लागला आणि ठरवलेलं सगळं वाऱ्यावर गेलं.

"नव्हतं प्रेम," ती म्हणाली. "असतं तर तो असा वागला नसता. सगळ्यांसमोर गोड बोलायचं आणि एकटं असताना परक्यासारखं. प्रेम करणारा माणूस बोलायला तोंड उघडून 'राहू दे' म्हणत नाही. आणि... आणि गाव सोडून जायचं ठरवलं असेल तर ते तिला मावशीकडून कळू देत नाही!"

डाव्याने कागद उलटसुलट केले. "मावशी? शिवणारीला मावशी कुठे होती? हे प्रकरणात नाहीये."

"नाहीये."

डाव्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"पण तुला... तुम्हाला तर सगळं कळत होतं ना? तुम्हीच म्हणालात. न बोललेलं नीट कळतं. शब्दांची गरज नाही."

"ते नाण्याने मला म्हणायला लावलं!"

"मला वाटलं तुम्ही मनातलं बोललात. मी तर त्या दिवशी हवेत तरंगत घरी गेलो."

"आणि तू काय म्हणालास? काम असतं म्हणून माणूस येतो, काम संपलं की येत नाही!"

"तेही नाण्यानेच म्हणायला लावलं की, उजवे!" तो जवळजवळ ओरडलाच. "बाजू होती ती माझी!"

इतकी जुनी प्रकरणं उसवून काढणारी ही दोन हुशार माणसं स्वतःच बनवलेल्या खेळात अशी तोंडावर आपटली होती. तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आलं.

"आरोपीला बोलायचंय," डावा म्हणाला.

"आपल्या कार्यक्रमात आरोपी बोलत नाही. तो मेलेला असतो."

"हा अजून आहे. थोडा वेळ तरी." त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बदलीचा अर्ज तुला भेटायच्या आधीचा आहे. मंजूर आत्ता झाला. मी चार दिवस तिकडे घर शोधत होतो. प्रत्येक घरात जाऊन टाळ्या वाजवत होतो."

"टाळ्या? का?"

"आवाज घुमतो का बघायला. बिनखिडकीची छोटी खोली हवी होती, अशी. एका घरमालकाने तर विचारलं, डॉक्टरांना दाखवलंय का? शेवटी मिळाली. आत दोन खुर्च्या बसतात. गुडघे लागतात, पण बसतात." तो थांबला. "तुला कळलंय असं समजून मी दोघांसाठी घर बघून आलो आणि तुला विचारायचंच राहिलं. मी गाढव आहे. लाल दिवा लागला की मला बोलता येतं. तो विझला की तुझ्यासमोर बोबडी वळते. म्हणून 'काळजी घ्या'. दर रविवारी जिना उतरताना स्वतःला शिव्या घालायचो. मला तू आवडतेस. पहिल्या दिवशी, अंधारात, तोंडसुद्धा दिसलं नव्हतं तेव्हापासून."

तिने हात पुढे केला आणि लाल दिवा बंद केला.

"आता म्हण," ती म्हणाली.

डाव्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घसा खाकरला. "मॅडम..." त्याच्या तोंडून निघालं, आणि तिने अशी काही नजर टाकली की त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. "आवडतेस," तो डोळे मिटूनच म्हणाला. "येशील का?"

"या भागात माझी बाजू 'नाही'ची आहे," ती म्हणाली.

त्याने घाबरून डोळे उघडले. ती हसत होती, गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही तिच्या ध्यानात नव्हतं.

"तुझ्याशी नाण्याशिवाय बोलायला मला शिकावं लागेल," ती म्हणाली. "तोवर एवढंच. मलाही तू आवडतोस. खूप. आणि त्या गावातल्या लोकांनाही डोळे असतीलच, म्हणजे चष्मे लागत असतीलच."

टेबलाखाली गुडघ्याला गुडघा लागला. कुणीच "सॉरी" म्हणालं नाही. त्याने तिचा हात हातात घेतला खरा, पण पुढे त्या हाताचं काय करायचं हे त्याला सुचेना. तिलाही सुचेना. मग दोघं तसेच, घामाघूम, आनंदात, काही न कळून बसून राहिले.

दार हळूच किलकिलं झालं. आईने डोकं आत घातलं. तिने हातांकडे पाहिलं, चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि जणू काही पाहिलंच नाही अशा सुरात विचारलं, "झालं का तुमचं? आता मला शिंकता येईल का?"

"हो, आई," ती म्हणाली.

"मग सांगा, त्या फोटोवाल्याला मारलं कुणी?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कागद टेबलाखाली पडले होते आणि एका पानावर डाव्याचा पाय होता.

"ते... राहूनच गेलं," डावा म्हणाला.

"राहू दे," आई म्हणाली. "एवढी वर्षं थांबलाय बिचारा. पुढच्या रविवारपर्यंत काही घाई नाही त्याला." आणि तिने आत येऊन पंखा लावला.